खंडणी कोणी घेतली? वधस्तंभ, प्रायश्चित्त आणि मांजरीचे जोतीराव

१/
उत्तम शुक्रवार जवळ आला की मराठी समाजमाध्यमांवर दरवर्षी तोच फड रंगतो. एक पक्ष म्हणतो, ख्रिस्ती देव इतका कोपिष्ट की पोटच्या पुत्राचे रक्त पाहिल्यावाचून त्याचे समाधान होईना. दुसरा पक्ष छाती पुढे काढून म्हणतो, होय, आमच्या पापांची शिक्षा त्याने भोगली, आणि एवढे जो मानत नाही तो ख्रिस्तीच नव्हे. भांडण कडाक्याचे, पण दोघांचे गृहीतक एकच. येशूच्या मरणाचा ख्रिस्ती धर्मात एकच अर्थ आहे आणि तो कोर्टकचेरीतला आहे, हे ते गृहीतक. आजचा थ्रेड त्या गृहीतकाविरुद्ध आहे. लांबेल, सवड काढून वाचावा.

२/
प्रथम एक साधी गोष्ट, जी दोन्ही पक्ष सोयीने विसरतात. येशू देव की मनुष्य, पवित्र आत्मा कोण, या प्रश्नांवर प्राचीन ख्रिस्ती मंडळीने परिषदा भरवल्या, एकमेकांना पाखंडी ठरवले, बिशपांना हद्दपार केले. परंतु येशूच्या मरणाने तारण नेमके कसे घडते, या प्रश्नावर त्या सार्वत्रिक परिषदांनी एकही सिद्धान्त बंधनकारक केला नाही. इ. स. ३८१ च्या श्रद्धासूत्रात एवढेच आहे की तो आपल्याकरिता, पिलाताच्या अमदानीत, वधस्तंभी दिला गेला. ‘आपल्याकरिता’ म्हणजे कसे, ते सूत्र सांगत नाही. पिलाताचे नाव मात्र आवर्जून सांगते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

३/
नव्या करारात या मरणासाठी एक नव्हे, अनेक प्रतिमा येतात. गुलाम मोल देऊन सोडवणे, मंदिरातला यज्ञबली, मिसरमधून सुटकेच्या रात्रीचे कोकरू, वैऱ्यांचा समेट, मरणावर विजय. लिहिणाऱ्यांनी त्या एकमेकींवर रचल्या. त्यांतून एक चोख यंत्र बनवण्याचा हव्यास पुढच्या पिढ्यांचा.

४/
पहिल्या काही शतकांत सर्वांत लोकप्रिय झाली ती सुटकेची प्रतिमा. मनुष्यजात सैतानाच्या कैदेत आहे, येशूचा जीव हे तिच्या सुटकेचे मोल. तिसऱ्या शतकात ओरिजेनने हे मांडले. चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने त्याला कोळ्याचा दृष्टान्त जोडला: येशूचे मानवी शरीर हे आमिष, आत दडलेले ईश्वरत्व हा गळ, आणि सैतान फसला. दृष्टान्त रंजक आहे, पण फसवणूक करणारा देव अनेकांना रुचला नाही. त्याच पिढीतल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने मग मुळावरच घाव घातला. हे मोल घेतले कोणी? सैतानाने म्हणाल, तर दरोडेखोराला देवाने देव मोजून द्यावा ही निर्लज्ज कल्पना. पित्याने म्हणाल, तर त्याच्या कैदेत आपण नव्हतोच. मग त्याला का द्यावे? सोळाशे वर्षांहून जुना हा प्रश्न, आणि विचारणारा नास्तिक नव्हे, कॉन्स्टंटिनोपलचा बिशप.

५/
आता मराठी पाहू. मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या ग्रीक शब्दासाठी आपल्या प्रचलित बायबलात शब्द आहे ‘खंडणी’. आजच्या पुण्यात तो वाचला की डोळ्यांसमोर येतो बांधकाम व्यावसायिकाला आलेला फोन आणि गुन्हे शाखेची बातमी. भाषांतरकारांना फार दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या काळी खंडणी म्हणजे ठरवून, खंडून दिलेली रक्कम. ती भरली की शहर लुटीतून वाचे, ओलीस सुटत. मूळ अर्थाच्या तो शब्द बराच जवळ होता. पण शब्दाचे दिवस फिरले. पूर्वी खंडणीत सुटणाऱ्याची सुटका ऐकू येत असे, आता मागणाऱ्याचा माज ऐकू येतो. ‘तुमचा देव खंडणीखोर’ असा टोमणा मारणारे महाशय एका शब्दाच्या दोनशे वर्षांच्या घसरणीवर उभे आहेत, आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नाही.

६/
पश्चिमेकडे सूर बदलला तो अकराव्या शतकाच्या अखेरीस. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास देव मनुष्य का झाला यावर ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या भोवतीचा समाज सरंजामी: धन्याच्या मानाला धक्का लागला तर भरपाई हवी, आणि धनी जितका मोठा तितकी भरपाई मोठी. पापाने देवाचा मान अमर्याद दुखावला. अमर्याद भरपाई फक्त देवच देऊ शकतो, द्यायची मात्र मनुष्याने. म्हणून देव मनुष्य झाला. युक्तिवाद पेशवाईतल्या वतनदारालाही पटला असता. पण एक बारकावा पाहा. अँसेल्मच्या मते भरपाई आणि शिक्षा हे दोन पर्याय आहेत. येशू भरपाई देतो, म्हणूनच शिक्षा टळते. देवाने पुत्राला शिक्षा केली, असे अँसेल्म म्हणत नाही.

७/
पुढच्याच पिढीत पॅरिसच्या आबेलार्डने विचारले, निरपराध्याचे रक्त किंमत म्हणून मागणे, आणि ते पाहून संतुष्ट होणे, हे क्रौर्य नव्हे काय? त्याच्या मते त्या मरणाने देवाचे मन बदलले नाही, आपले बदलावे म्हणून ते घडले. इतके प्रेम पाहून प्रेम जागे होते. क्लेअरव्होचा बर्नार्ड त्याच्यावर तुटून पडला, ते असो. मुद्दा एवढाच की समाजमाध्यमांवरचे विद्वान ज्या आक्षेपाने ख्रिस्ती धर्म निरुत्तर झाल्याचे जाहीर करतात, तो बाराव्या शतकातल्या एका ख्रिस्ती धर्मपंडिताने रोमकरांस पत्रावर टीका लिहिताना स्वतःच नोंदवला आहे.

८/
‘आपली शिक्षा त्याने भोगली’ हा सिद्धान्त आज ज्या धारदार रूपात ऐकू येतो, ते रूप सोळाव्या शतकातले. कॅल्विन कायदा शिकलेला; त्याच्या हाती अँसेल्मची मानाची भाषा जाऊन फौजदारी कायद्याची भाषा आली. न्यायाधीश, आरोपी, निकाल, आणि आरोपीच्या जागी उभा राहिलेला निर्दोष. बीजे जुनी होती, हे मान्य; यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचा आधार त्याला आहेच. पण त्या बीजांचे एकमेव झाड झाले ते सुधारणा चळवळीच्या एका शाखेत. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळीने ते झाड आपल्या अंगणात कधी लावलेच नाही.

९/
मग महाराष्ट्राला तेच एक झाड का माहीत? कारण रोपटे कोणी आणले ते पाहा. १८१३ पासून मुंबईत अमेरिकन मराठी मिशन, १८२९ मध्ये आलेले स्कॉटलंडचे जॉन विल्सन: दोन्ही कॅल्विनच्या वळणाचे. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसाने ज्यांच्याशी वाद घातला (मोरभट दांडेकरांनी विल्सनशी, विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी) ते बहुतेक याच घराण्याचे. दोनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त थॉमस स्टीफन्सने ओवीबद्ध मराठीत ‘तारक’ आणि ‘वैकुंठ’ असे शब्द वापरून ही कथा सांगितली होती. त्या सुराची देशावरच्या वादविवादांत दखलच नाही.

१०/
दुसरा शब्द ‘प्रायश्चित्त’. पापांबद्दल येशू हे प्रायश्चित्त आहे, असे आपले बायबल म्हणते. हा शब्द पुण्यात कसा ऐकू येत असेल, हे समजायला ऑक्टोबर १८९० मधल्या पंचहौद मिशनात जावे लागेल. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेला तो प्रसंग: व्याख्यानानंतर चहा आला, रानडे, टिळक आदी मंडळींपैकी कोणी प्याले, कोणी नुसता कप हाती घेतला, आणि मग यादी वर्तमानपत्रात झळकली. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांकडे गेले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. एका चहाच्या कपाने शहर दोन वर्षे खदखदले.

११/
त्या पुण्यात प्रायश्चित्त म्हणजे काय? ज्याने दोष केला त्याने, पंचांसमोर, पंचगव्य आणि दक्षिणेसह, पुन्हा पंक्तीत बसण्यासाठी करायचा विधी. दुसऱ्याने आपले प्रायश्चित्त घ्यायचे ही कल्पना त्या कानांना चमत्कारिकच वाटणार. कर्म ज्याचे त्याने भोगायचे. गंमत अशी की धर्मशास्त्राला ही कल्पना पूर्ण अपरिचित नाही. पाच वर्षांवरील पण अकरा वर्षांखालील मुलाकडून दोष घडला तर त्याचे प्रायश्चित्त भावाने, पित्याने किंवा एखाद्या सुहृदाने आचरावे, असे स्मृतिवचन आहे. एकाही मिशनऱ्याने हे वचन पुढे केल्याचे माझ्या वाचनात नाही. केले असते तर वाद निदान बरोबर जागी पेटला असता. तिथे पित्याचे मन मुलाच्या बाजूचे आहे. मुलाला जमत नाही ते तो स्वतः करतो. बाप संतापला आणि म्हणून थोरल्याला बडवले, असा तो प्रकार नव्हे.

१२/
पंचहौद मिशन चालवणाऱ्या काउली पंथाशी संबंधित एक नाव इथे घेतले पाहिजे: नीलकंठशास्त्री गोरे. चित्पावन, काशीचे पंडित. जॉन म्यूर नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने संस्कृतात ख्रिस्ती धर्माची महती गायली, तेव्हा विशीतल्या नीलकंठांनी तिचे खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. थोड्याच वर्षांत, १८४८ साली, जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पुढली जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळींशी वाद घातला. पश्चात्ताप पुरेसा आहे, मध्यस्थ कशाला, हे रानडे-भांडारकरांच्या पिढीचे म्हणणे. गोऱ्यांना ते उथळ वाटे. पाप ही इतकी हलकी गोष्ट आहे काय, असा त्यांचा रोख. त्यांचे सगळे पटले नाही तरी ज्याने वादाच्या दोन्ही बाजू स्वतः लढवल्या, त्याच्या या प्रश्नाचे वजन कमी होत नाही.

१३/
आणि पंडिता रमाबाई. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी मांजरीवरून जाते आणि पुढे केडगावला पोहोचते. तिथले मुक्ती मिशन त्यांचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रयुद्ध सुरू झाले. त्रैक्य पटत नाही, तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही, हा बाईंचा खाक्या. (ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली, ज्यांना रमाबाई ‘मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले’ वाटतात त्यांनी ती जरूर वाचावीत.) त्यातले एक भांडण चक्क क्रुसावरचे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. बाईंनी विचारले, लॅटिनच का, संस्कृत का नको? हा हट्ट जेराल्डिनबाईंना अहंकाराचा वाटला. मला तो फार नेमका वाटतो. योहान सांगतो की येशूच्या डोक्यावरची आरोपाची पाटी तीन भाषांत होती; त्यांतली लॅटिन ही मारणाऱ्या सरकारची भाषा.

१४/
याच रमाबाईंनी पुढे लिहिले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडला तो ‘आपल्याजागी त्याने सोसले’ याच शिकवणीतून. इथे माझ्या बाजूच्या मंडळींनी थोडे थांबावे. आधुनिक, सुसंस्कृत वाचकाला ही शिकवण रानटी वाटते. पण केडगावच्या वाड्यात कोण होते? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे मुली आणि बाया. आणि त्याआधी शारदा सदनातल्या बालविधवा. नवरा मेला तो तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाने, आता केस उतरवून, एकवेळ जेवून ते फेड, असे जिला जन्मभर ऐकवले, तिला कोणी सांगितले की फेडायचे काही उरलेच नाही, तर ती त्या वाक्यातला कायदा ऐकत नाही. तिला सुटका ऐकू येते. जो सिद्धान्त ऑक्सफर्डच्या व्यासपीठावर क्रूर ठरतो तो केडगावात कुलूप उघडतो, हे कबूल केल्याशिवाय त्यावर टीका करण्याचा अधिकार येत नाही.

१५/
नारायण वामन टिळकांचा रस्ता पुन्हा वेगळा. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार, आणि त्यातले मत्तयाचे डोंगरावरचे प्रवचन. टिळक अडकले ते तिथे. रक्ताच्या हिशेबात नव्हे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे ते सांगत राहिले. त्यांच्या अभंगांतून नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या आजही येशूला गातात, ते आईला आळवावे तसे. ‘शिक्षा-भरपाई मानत नाही तो ख्रिस्ती नव्हे’ ही कसोटी लावणाऱ्यांनी या भजनांचे काय करायचे ते एकदा जाहीर करावे.

१६/
आता मांजरी. आज द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमुळे ओळखली जाणारी ही पंचक्रोशी एकोणिसाव्या शतकात पुण्याबाहेरचे शेतीचे गाव होते, आणि इथे जोतीराव फुल्यांची सुमारे साठ एकर जमीन होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली, त्यातला शेतकरी तो मांजरीचा. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांशी स्नेह असलेले, तरी बाप्तिस्मा न घेतलेले जोतीराव. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ते येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवतात: दीनदुबळ्यांचा कैवारी, ज्याला दुष्टांनी मिळून क्रुसावर चढवले.

१७/
या वाचनाची ताकद मराठीत आहे, कारण ‘बळी’ हा आपल्याकडे दुहेरी शब्द आहे. देवीपुढे कापला जातो तो बळी. आणि वामनाने पाताळात घातला, ज्याचे राज्य परत यावे म्हणून पाडव्याला ओवाळतात, तोही बळी. मिशनऱ्यांचा येशू पहिल्या अर्थाने बळी होता. जोतीरावांनी त्याला दुसऱ्या अर्थाने बळी केले. पहिल्या बळीबद्दल विचारायचे असते, कोणत्या देवासाठी? दुसऱ्याबद्दल विचारायचे असते, कोणी मारले?

१८/
आणि हाच इतिहासाचा प्रश्न आहे. वधस्तंभ ही ज्यू शिक्षा नव्हती. ती रोमची, गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे सहा हजार गुलाम कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने टांगले गेले. इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा सुभा पिलाताकडे होता. येशूवरचा आरोप ‘ज्यूंचा राजा’, म्हणजे राजद्रोह. रोमी इतिहासकार टॅसिटसही पिलाताचेच नाव घेतो. मरणाची सगळी जमाखर्ची स्वर्गात मांडली की हा पिलात हळूच हिशेबातून निसटतो. त्याची जागा रिकामी राहत नाही, हे त्याहून वाईट: शतकानुशतके ती ‘ज्यूंनी मारले’ या आरोपाने भरली गेली, आणि युरोपातल्या ज्यूंनी त्याची किंमत रक्ताने मोजली. त्या मरणाचा दोष सरसकट ज्यूंच्या माथी मारता येत नाही, हे कॅथलिक मंडळीने परिषदेत स्पष्ट केले ते १९६५ साली.

१९/
आक्षेप येईलच: फुले ख्रिस्ती नव्हते, मग त्यांचे वाचन ख्रिस्ती अर्थांत कसे गणायचे? शिवाय सत्यशोधकांना देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको होता. मग मध्यस्थ येशू तरी कसा चालेल? दुसरा भाग खरा आहे, आणि बहुधा म्हणूनच जोतीराव चर्चच्या उंबरठ्यावर थांबले. ‘बळीराजा मारला गेला’ एवढ्याने तो जिवंत का आहे, हे कळत नाही. पुनरुत्थानावाचून वधस्तंभ ही एक आणखी हत्याच राहते, हेही मान्य. पण पहिला भाग टिकत नाही. श्रद्धासूत्राने पिलाताचे नाव ठेवले आहे; मराठी प्रोटेस्टंटांनी त्या लाकडाला नुसते क्रूस न म्हणता ‘वधस्तंभ’ म्हटले आहे. वध म्हटले की वध करणारा आलाच. फुल्यांनी बाहेरून काही आणले नाही. पोथीत होते ते मोठ्याने वाचले.

२०/
या वाचनाला चर्चमध्ये नाव मिळायला शंभर वर्षे जावी लागली. पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचे मुक्तीच्या धर्मशास्त्रावरचे पुस्तक आले १९७१ साली. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती. त्याच अमेरिकेत, २०११ साली, जेम्स कोन या कृष्णवर्णीय धर्मपंडितांनी पुस्तक लिहिले ते वधस्तंभ आणि ज्या झाडांना काळ्या माणसांना फासावर लटकवले ती झाडे यांच्यावर. इतकी वर्षे गोऱ्या चर्चला या दोन लाकडांतले साम्य दिसले कसे नाही, एवढेच ते विचारतात.